वालधुनी नदी आणि जीन्सची विजार

जीन्सची नवी विजार दुकानातच मऊ आणि थोडी विटलेली का दिसते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? कापड विणण्यापूर्वी सुताला खळ लावतात. विजार शिवून झाली की ती खळ धुऊन काढतात आणि रसायनांनी निळा रंग फिका करतात. उल्हासनगरात हा धंदा मोठा होता. त्याचे सांडपाणी वालधुनी नदीत जाई.

वालधुनी ही उल्हास नदीची छोटी उपनदी. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून ती उल्हासनगरात येते व कल्याणजवळ उल्हासला मिळते.

खळ म्हणजे बहुधा पिष्ट. ते काही विष नव्हे. मग नदी बिघडते कशी? पिष्ट हे जीवाणूंचे अन्न आहे. ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. तो संपला की मासे गुदमरतात. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू माजतात व पाण्याला दुर्गंधी येते. वस्तीतील मैलापाणी व इतर कारखान्यांची रसायने यांची त्यात भर पडते.

प्रदूषणाच्या कारणावरून २०१८ मध्ये उल्हासनगरातील जीन्स धुण्याचे शेकडो कारखाने बंद करण्यात आले. नदीवरचा एक भार उतरला. पण मजुरांची रोजीही बुडाली. असे का व्हावे?

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे शहर वाढले. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. दाट वस्तीतील लहान कारखानदाराला स्वतःची शुद्धीकरण यंत्रणा बसवणे परवडत नाही आणि तिच्यापुरती जागाही नसते. अनेकांनी मिळून एक केंद्र उभारणे हा मार्ग आहे. परंतु त्याचा खर्च कोणी किती द्यायचा? जागा कोणाची घ्यायची? केंद्र होईपर्यंत मजुरांनी खायचे काय?

या प्रश्नांची उत्तरे परीक्षानळीत सापडत नाहीत. त्यासाठी मजूर, कारखानदार आणि काठावरचे रहिवासी यांना योजना आखण्यापूर्वीच विचारावे लागते.

तुमच्या गावच्या ओढ्याची पाहणी करताना म्हणून दोन वह्या घ्या. एकीत पाण्याचा रंग, वास व त्यातील जीव यांची नोंद करा; दुसरीत त्या पाण्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे, ते लिहा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तरच टिकणारा उपाय सुचेल.