माहिती चौकट : वारसा तेलीबांध्याचा आणि मडगावचा

रायपूरच्या तेलीबांध्यातला मराठी हिंदू गृहस्थ स्वकष्टार्जित घर मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतो. मडगावात, मुले असताना, ते जमत नाही. फरक राज्यकर्त्यांचा आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगडसह १८५४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले; गोव्यात १८७० पासून १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. तिथे विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक. मुले असतील तर आपल्या निम्म्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने देता येतो.

हिंदू वारसा कायदा १९५६चा, गोव्याचा २०१२चा, मग परकीयांचा संबंध काय? मृत्युपत्राची मोकळीक ब्रिटिश अमदानीतल्या न्यायालयांनी आधीच रुजवली होती. गोव्याच्या नव्या कायद्यानेही मुलांचा राखीव अर्धा हिस्सा कायम ठेवला.