तारुण्यपीटिका आणि सहाणेवरचे जायफळ

मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या चाळीत वयात आलेल्या नातीच्या गालावर पुटकुळी उमटली, की आजी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून तो तपकिरी लेप बोटाने लावते. आणि त्वचा फार नाजूक नसेल, तर त्याने गुण येवो न येवो, विशेष अपाय होत नाही. लिंबू आणि टूथपेस्ट यांची गोष्ट निराळी. त्यांनी कातडी पोळते व काळे डाग मागे राहतात. वस्तुतः संप्रेरकांमुळे अधिक पाझरणारे तेल, केसांच्या मुळाशी तुंबलेली रंध्रे आणि त्यांत वाढणारे जंतू हे मुरुमांचे मूळ असल्यामुळे वरवरचा लेप तिथवर पोहोचतच नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड वा ॲडापलीन यांचे औषधी मलम पोहोचते, परंतु गुण दिसण्यास सहा-आठ आठवडे लागतात, आणि एवढा धीर कोणाला? मग दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम येते. चेहरा प्रथम उजळतो, आणि ते थांबवताच पुटकुळ्या दुप्पट जोराने उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांच्या बिनचिठ्ठी विक्रीस मनाई करणारा हुकूम काढला खरा, पण गिऱ्हाइकाने नाव घेतले, की नळी गल्ल्यावर येते, हा उपनगरांतला परिपाठ आहे. दुखऱ्या गाठी येऊन खड्डे पडू लागले, तर पार्ल्याच्या कूपर रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोगतज्ज्ञांस दाखवणे इष्ट.