कल्लोळातली हाक

महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या यात्रेत भोंगे, घंटा, पिपाण्यांचा नुसता कल्लोळ. तरी आईची हाक पोराला बरोबर ऐकू येते. तो आवाज त्याच्या डोक्यात आधीच पक्का असतो. अवकाशकाळात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरीही अशाच हुडकतात. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येताना लहर कशी चढत जाईल, ते आधी गणितानं काढायचं आणि उपकरणातल्या गोंगाटावर तो नमुना सरकवत जुळणी पाहायची. असे नमुने कसे निवडावेत, हे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत तेव्हा असलेले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये मांडलं. पहिली लहर सापडली २०१५ मध्ये! मला ही दूरदृष्टी मोठी वाटते. आता याच लहरी टिपण्यासाठी औंढ्याजवळ चार-चार किलोमीटर भुजांच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रानं २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली आहे.