दप्तर जाळण्यापूर्वी

बेंगळुरूसारख्या नगरीत, जेथे बहुतेक मराठी कुटुंबांत निदान एक तरी संगणक-अभियंता असतो, आणि ज्यांच्या घरी तो नसतो त्यांना शेजारी त्याची उणीव भासू देत नाहीत, तेथे घरातील दहा-बारा वर्षांचा जुना संगणक एखाद्या सकाळी उठेनासा झाला तर त्याची विधिपूर्वक चौकशी होईल, अशी अपेक्षा कोणीही बाळगील. माझा अनुभव नेमका उलट आहे. मल्लेश्वरम् आणि त्याच्या आसपासच्या ओळखीच्या घरांतून अशा कामासाठी मला जी बोलावणी येतात, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी माझ्या आधी कोणीतरी येऊन, यंत्राकडे क्षणभर पाहून, एकच निकाल देऊन गेलेला असतो: “फॉरमॅट मारावा लागेल.”

पूर्वीचे वैद्य रोग कळला नाही म्हणजे हवापालटाचा सल्ला देत, त्याच जातीचा हा सल्ला आहे. भेद इतकाच की हवापालटाने रोग्याची चीजवस्तू शाबूत राहत असे, आणि फॉरमॅटने मुलीच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंतचे सारे फोटो नाहीसे होतात. ‘संगणक सुरू होत नाही, म्हणजे विंडोज खराब झाले, विंडोज खराब झाले, म्हणजे फॉरमॅट’ हे अनुमान मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते एकदा नीट तपासून निकालात काढणे हे मी आता कर्तव्य समजतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, संगणकाचे सुरू होणे ही अनेक पायऱ्यांची वाट आहे. बटण दाबताच प्रथम एसएमपीएस नावाची पेटी घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करते आणि वीज स्थिर झाल्याची वर्दी मदरबोर्डाला देते. ती वर्दी पोहोचल्यावर मदरबोर्डावरील एका चिपमध्ये साठवलेली बायोस ही लहानशी आज्ञावली जागी होते आणि कचेरी उघडताच शिरस्तेदाराने हजेरीपट घेऊन बसावे त्याप्रमाणे प्रोसेसर, रॅम, पडद्याचे कार्ड, कीबोर्ड अशी एकेकाची हजेरी घेते. सर्व मंडळी रुजू झाली तरच ती हार्ड डिस्ककडे वळून तिचा पहिला, अवघ्या ५१२ बाइटांचा कप्पा वाचते. आणि त्या कप्प्यातील निर्देशानुसार, सर्वांत शेवटी, विंडोजचे आगमन होते. ज्या वर्षी पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली त्याच, म्हणजे १९८१ च्या ऑगस्टात आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून हा हजेरीचा शिरस्ता चालत आलेला आहे आणि आपल्या घरांतील जुनी यंत्रे बहुशः त्यालाच धरून चालतात.

आता फॉरमॅटचा अंमल कोठे चालतो? केवळ डिस्कवर. बटण दाबूनही पंखा हलत नसेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो आणि यंत्र बीप-बीप करते, तर बहुधा रॅम किंवा पडद्याचे कार्ड गैरहजर आहे. या दोन्ही प्रसंगी डिस्कला अजून हाकसुद्धा मारलेली नसते. कचेरीचा दरवाजा उघडत नाही म्हणून आतले दप्तर जाळून टाकावे, असा हा न्याय आहे. आणि तो न्याय पदवीधर माणसे निर्विकार मुद्रेने देतात, याचा मला संताप येतो.

“पण आमच्याकडे तर विंडोजपर्यंत येऊन निळा पडदा दिसतो,” अशी हरकत कोणी घेईल. ती रास्त आहे, म्हणून गेल्या श्रावणातील एक प्रकरण सांगतो. एका सेवानिवृत्त बँक-अधिकाऱ्याच्या घरी २०११ साली घेतलेला संगणक असाच विंडोजच्या उंबरठ्यापर्यंत येऊन निळा होई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. व्हाइटफील्डला नोकरीस असलेला त्यांचा भाचा तेथे आलेला होता. त्याने फॉरमॅटचा निकाल दिला होता, आणि नातवाच्या मुंजीचे फोटो त्याच यंत्रात असल्यामुळे वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते. मी यंत्र पुन्हा सुरू करावयास सांगितले. निळ्या पडद्याच्या बऱ्याच आधी, काळ्या पार्श्वभूमीवर दोन ओळी उमटल्या: तारीख व वेळ ठरवलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

“हे काय म्हणते आहे, वाचलेस का?” मी भाच्याला विचारले.

“ते रोजच येतं, काका. एफ-वन दाबलं की जातं.”

साक्षीदार रोज दारात येऊन जबानी देत होता आणि त्याला रोज एका कळीने हाकलून दिले जात होते! मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, सीआर२०३२ नावाचा एक सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमध्ये मुक्रर केलेल्या गोष्टी स्मरणात ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की मदरबोर्ड सारे विसरतो आणि कारखान्यातून आला त्या अवस्थेला परततो. त्या घरी तो डिस्कशी बोलण्याची पद्धतच विसरला होता. विंडोज बसवले तेव्हा ती ‘एएचसीआय’ होती. स्मरण गेल्यावर ती जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर गेली. आणि विंडोज सेव्हनला आपलीच डिस्क ओळखता न आल्यामुळे त्याने सेव्हन-बी या संकेतांकाचा निळा पडदा दाखवून माघार घेतली. डिस्क निर्दोष होती आणि विंडोजही.

सेल संपला कसा, याचे उत्तर घराच्या शिस्तीत सापडले. रोज रात्री भिंतीवरचे मुख्य बटण बंद करण्याचा त्यांचा नेम होता. इंटेलच्या मदरबोर्डांच्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असे की, यंत्र भिंतीच्या विजेला जोडलेले नसेल तर या सेलचे आयुष्य अंदाजे तीन वर्षे, आणि जोडलेले असेल तर एसएमपीएसमधून येणाऱ्या अल्प प्रवाहामुळे ते लांबते. बटण बंद करू नये असे मी म्हणत नाही; विजांच्या दिवसांत ते शहाणपणाचेच आहे; परंतु त्याची किंमत हा सेल मोजतो, एवढे ध्यानी असावे. सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे ज्याला सारे शहर एस. पी. रोड म्हणते त्या संगणकाच्या बाजारात, तो सेल चाळीस रुपयांना मिळाला. तो बसवून, डिस्कची पद्धत पूर्ववत केल्यावर मुंजीचा बटू पडद्यावर आला.

तरीही फॉरमॅट केलाच असता तर? द्रुत फॉरमॅटमध्ये केवळ अनुक्रमणिका कोरी होते आणि मजकूर नव्या मजकुराखाली दडपला जाईपर्यंत जागीच राहतो, हे खरे. पण लगेच त्यावर विंडोज पुन्हा बसवले जाते आणि तेच अनेक गिगाबाइट जागा व्यापते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजांनुसार व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट हा संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. तेथून फोटो परत आणण्याची आशा करू नये. उलट, खरोखर विंडोजच बिघडले असले तरी डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकास लावता येते, आणि डिस्क धड असेल तर फोटो मुकाट्याने उतरवून घेता येतात.

दुसरा लाडका आरोपी म्हणजे व्हायरस. सामान्य व्हायरस डिस्कवर राहतो आणि डिस्क वाचली गेल्यावरच त्याला प्राण येतात; सबब पंखा न फिरणे किंवा हजेरीतच अडकणे हे त्याच्या माथी मारता येत नाही. अपवाद आहे: १९९८ मध्ये तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच, ऊर्फ चेर्नोबिल, याने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक यंत्रांची बायोसच पुसून टाकली. परंतु तो विंडोज ९५ आणि ९८ च्या पिढीवरच चालत असे. आपल्या घरच्या यंत्रावर त्याचा वहीम घेण्याचे कारण नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात.

‘सीपीयू जळला’: आपण ज्या पेटीला सीपीयू म्हणतो ती नुसती पेटी आहे, खरा सीपीयू तिच्या आत बिस्किटाएवढा असतो आणि सर्वांत कमी वेळा जळतो.

‘पंखा फिरतो, म्हणजे मदरबोर्ड ठीक आहे’: पंख्याला १२ व्होल्ट मिळत आहेत, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, म्हणजे विंडोज उडाले’: आधी मागे लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा.

‘रॅम खोडरबराने घासली की यंत्र चालते’: पुष्कळदा गुण येतो तो काढून घट्ट बसवण्याचा, घासायचेच तर हलक्या हाताने, आणि वायर भिंतीतून काढून.

‘जुना झाला, म्हणून मदरबोर्ड गेला’: २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर सर्रास वापरले गेले, त्यापायी डेलने २००५ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद केली. डोके फुगलेला कपॅसिटर चांगला कारागीर बदलून देतो.

‘डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की बरी होते’: बाहेर काढताच तिच्यावर दव धरते; हा उपाय रोगाहून भयंकर.

‘स्मार्ट चाचणीत पास झाली, म्हणजे डिस्क सुरक्षित’: डिस्क स्वतःच नोंदवते त्या लक्षणांवरची ही चाचणी; गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी या चाचणीत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती.

‘एसएमपीएस उघडून धूळ काढावी’: मुळीच नाही. वायर काढल्यावरही तिच्या आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो.

वाचकांस एवढीच विनंती की, यंत्र अडले म्हणजे प्रथम त्याचा पंचनामा कागदावर करावा: पंखा फिरला काय, बीप किती झाले, पडद्यावर कोणती अक्षरे उमटली आणि वाट नेमकी कोठे थांबली. तो कागद घेऊनच दुकानात जावे. आणि यंत्र हवाली करण्यापूर्वी पावतीवर दुकानदाराच्या हस्ताक्षरात एक वाक्य लिहून घ्यावे: ‘मालकाच्या लेखी संमतीवाचून डिस्क फॉरमॅट करणार नाही.’ जो हे लिहून देण्यास कचरेल, त्याच्या दुकानातून पेटी उचलून परत आणावी.