विहीर सात-बाऱ्यावर, पाणी खडकात

लेखमाला : गावाचे पाणी – भाग ५

मागच्या आठवड्यात जायकवाडीच्या निमित्ताने आपण समन्यायी पाणीवाटपाचा वाद पाहिला. तिथले भांडण कितीही कडू असले तरी धरणातले पाणी दिसते आणि मोजता येते. १५ ऑक्टोबरला कोणत्या धरणात किती साठा आहे, हे नाशिकलाही कळते आणि पैठणलाही. राज्यातले निम्म्याहून अधिक ओलीत मात्र विहिरी आणि बोअरवर चालते. त्या पाण्याचा साठा किती, हे बहुतेक गावांत कुणीच सांगू शकत नाही. आजचा भाग या पाण्याचा.

महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. उन्हाळ्यात एखाद्या आटलेल्या विहिरीत डोकावले, तर हे थर कडेलाच वाचता येतात. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र थर, कुठे तांबड्या मातीचा पट्टा आणि तळाशी सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. झरे फुटतात ते मुरमातून, भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून. पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात जमिनीत पाणी धरायला भरपूर पोकळी असते. बेसाल्टमध्ये मात्र १०० घनमीटर खडकातून हाती लागणारे पाणी साधारण १ ते ३ घनमीटर इतकेच.

याचे दोन परिणाम होतात. हा साठा एका पावसाळ्यात भरतो आणि उपशाचा जोर असेल तर एका उन्हाळ्यात संपतो. शिवाय तो बांध ओळखत नाही. एका शेतकऱ्याने आडवे बोअर मारले की शेजारच्या विहिरीचा झरा तुटतो, हे गावात सगळ्यांना माहीत असते. तरीही बोअर आटले की उत्तर एकच असते : आणखी खोल. तीनशे फुटांवरून पाचशे, पाचशेवरून आठशे. त्या खोलीवर पाणी लागले तरी ते बहुधा वर्षानुवर्षे साचलेले असते आणि एकदा उपसले की लवकर भरून येत नाही. कर्ज मात्र दरवर्षी वाढते.

आता थोडा हिशेब करू. उदाहरणासाठी १,००० हेक्टर शिवार, ५०० मिलिमीटर पाऊस आणि २,००० लोकवस्ती असलेले एक गाव मनात धरा. शिवारावर पडणारे पाणी ५० लाख घनमीटर भरते. त्यातले सुमारे १० टक्के खडकात मुरले असे धरले, तर भूजलात पडणारी वर्षाची भर ५ लाख घनमीटर. माणशी रोज ५५ लिटर या दराने गावाला वर्षभर प्यायला-वापरायला लागतात जेमतेम ४० हजार घनमीटर. म्हणजे पिण्याच्या पाण्याला बेसाल्ट कमी पडत नाही. पण पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. ५ लाख घनमीटरमध्ये २५ हेक्टर ऊस झाला की हिशेब मिटला, आणि उरलेल्या ९७५ हेक्टरांना आणि प्यायलाही काही राहिले नाही. तेच पाणी हेक्टरी ३ हजार घनमीटरने हरभऱ्याला दिले, तर पिण्याचे बाजूला काढूनही दीडशे हेक्टर भिजतात. उन्हाळ्यात दारात टँकर येतो की नाही, हे पुष्कळदा पावसाइतकेच रब्बीच्या पेरणीवर ठरते.

या हिशेबात गेल्या काही वर्षांत शेततळ्याची भर पडली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. शेततळ्याचा मूळ विचार चांगला आहे : पावसाचे वाहते पाणी अडवावे आणि खंड पडला की पिकाला एखादे संरक्षित पाणी द्यावे. प्रत्यक्षात द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात अनेकांनी प्लास्टिकचे अस्तर टाकून विहीर-बोअरचे पाणी उपसून तळी भरली. एका ताटात सगळे जेवत असताना एकाने आपला वाटा आधीच डब्यात भरून ठेवावा, तसे हे झाले. त्यातही उघड्यावरचे पाणी उडते. ३० बाय ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यावरून एप्रिल-मेमध्ये रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर दिवसाला ७,२०० लिटर हवेत जातात. १३० माणसांचे हे रोजचे पाणी आहे, आणि खडकात राहिले असते तर उन्हापासून वाचले असते.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. बाग उभी करायला लाखोंचा खर्च येतो आणि एक उन्हाळा कोरडा गेला की ती वाळते. उसाला दराची कायदेशीर हमी आहे. हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण हमखास खरेदी होत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. एक खाते उपसा स्वस्त करते, दुसरे अस्तराला अनुदान देते आणि मे महिन्यात तिसरे टँकरची निविदा काढते. या तिघांना एका टेबलावर बसवणारे धोरण आपल्याकडे नाही.

कायदा आहे, पण कागदावर. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन घातले. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आणले आणि पीक नियोजनाची तरतूद केली. पण प्रत्यक्षात शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला कुणी धजत नाही आणि बोअरची गाडी रात्रीतून काम उरकून निघून जाते.

म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे मोल मोठे आहे. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली. तेवढे इतर गावांनीही केले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस वर्ज्य केला आणि पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बी ठरवायची प्रथा पाडली. अटल भूजल योजनेतून राज्याच्या १३ जिल्ह्यांतील गावांचेही ताळेबंद तयार झाले. पण भिंतीवर रंगवलेला आकडा पेरणीत उतरला नाही, तर तो रंगाचाच खर्च ठरतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. वाचकहो, आपल्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती, हे तालुक्याला विचारा. ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात काय पेरायचे, यावर चर्चा घडवा. पहिल्या वर्षी भांडण होईल, होऊ द्या. ऑक्टोबरमधले भांडण मे महिन्यातल्या टँकरपेक्षा स्वस्त पडते.