प्रांतिक नोंदणी आणि कंपनीचे अस्तित्व : कॅनडातील आल्बर्टा प्रांताचे उदाहरण

कंपनी ही विधीने निर्माण केलेली व्यक्ती होय, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. परंतु ही व्यक्ती कोणाच्या दप्तरी जन्म घेते आणि कोणत्या कर्तव्यांच्या पालनाने जिवंत राहते, हा प्रश्न संघराज्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतात व्यापारी कंपन्यांची स्थापना हा संघसूचीतील विषय असल्याने मुंबईचा वा पुण्याचा कंपनी-निबंधक हा केंद्राचाच अधिकारी असतो. कॅनडातील स्थिती निराळी आहे. तेथील १८६७ च्या घटना-अधिनियमाच्या कलम ९२ (११) अन्वये ‘प्रांतिक उद्दिष्टे’ असलेल्या कंपन्यांची स्थापना प्रांतिक विधिमंडळांकडे सोपविलेली आहे. संघीय नोंदणीचा मार्गही खुला आहे. संस्थापकांस या दोहोंतून निवड करावयाची असते.

‘प्रांतिक उद्दिष्टे’ या शब्दांमुळे कंपनीचा व्यवहार प्रांताच्या सीमेतच कोंडला जातो काय, असा वाद पुढे उत्पन्न झाला. ऑन्टॅरिओत सनदेने स्थापन झालेल्या आणि युकॉनमध्ये खाणकाम करणाऱ्या बोनान्झा क्रीक कंपनीच्या प्रकरणी प्रिव्ही कौन्सिलने १९१६ साली निर्णय दिला की, अशा कंपनीची क्षमता सीमेपाशी संपत नाही. मात्र बाहेरील प्रदेशातील हक्क तिला तेथील सत्तेकडूनच मिळवावे लागतात. क्षमता एका ठिकाणची आणि अनुज्ञा दुसऱ्या ठिकाणची, हा भेद ध्यानी घेतला म्हणजे परप्रांतीय कंपनीस आल्बर्टात व्यवसाय करण्यासाठी वेगळी नोंदणी का करावी लागते, हे उमगते.

आल्बर्टाचा कंपनीविषयक अधिनियम १९८१ चा आहे. १९९३ पासून या प्रांतात नोंदणीची सेवा शासनाने अधिकृत केलेल्या खाजगी नोंदणी-अभिकर्त्यांमार्फत दिली जाते. दप्तर शासनाचे, परंतु दार अभिकर्त्याचे, अशी ही व्यवस्था आहे. अर्जासोबत स्थापना-लेख, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि संचालकांची यादी द्यावी लागते. विशिष्ट नाव हवे असल्यास, त्याच्याशी मिळतीजुळती नावे अगोदर अस्तित्वात आहेत काय, याचा शोध-अहवाल जोडावा लागतो. नावाऐवजी केवळ क्रमांक घेऊनही कंपनी स्थापन करता येते. निबंधकाने प्रमाणपत्र दिले की कंपनी जन्मास येते.

येथवरचा मार्ग सुकर आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. दरवर्षी स्थापनेच्या महिन्यानंतरचा महिना संपण्यापूर्वी वार्षिक विवरणपत्र सादर करावे लागते. हे विवरणपत्र प्राप्तिकराच्या विवरणपत्राहून सर्वस्वी भिन्न असते. कर नियमितपणे भरला म्हणजे कंपनी सुरक्षित आहे, ही समजूत अनेक लहान व्यावसायिकांना महाग पडते. पत्ता वा संचालक बदलल्यास तेही कळवावे लागते. अन्यथा निबंधकाची सूचना जुन्याच पत्त्यावर जाते आणि ज्याने सावध व्हावयाचे त्यास ती कळतच नाही.

दोन वर्षांची विवरणपत्रे थकली म्हणजे सामान्यतः कंपनीचे नाव पटावरून कमी होते. मग दुकान चालू असो वा कामगार कामावर असोत, विधीच्या दृष्टीने कंपनी उरत नाही, आणि तिच्या नावावर शिल्लक राहिलेली मालमत्ता राजसत्तेकडे जाते. थकलेली विवरणपत्रे भरून तिचे पुनरुज्जीवन करता येते. तथापि मधल्या काळात इतरांस प्राप्त झालेले हक्क अबाधित राहतात.

हा नियम वरकरणी कठोर भासतो. पण भागधारकांचे दायित्व मर्यादित असल्याने धनकोस कंपनीखेरीज कोणाकडे बोट दाखविता येत नाही. ती कंपनी कोठे आहे व तिचा कारभार कोण पाहतो, हे त्यास सार्वजनिक दप्तरातूनच समजते. वार्षिक विवरणपत्र हे मर्यादित दायित्वाच्या सवलतीचे मोल आहे, आणि ते एकदाच नव्हे, तर प्रतिवर्षी चुकते करावे लागते.