बुडखा मातीत राहू द्या

२००२ सालचा मे महिना. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे टेबल सांभाळत होतो. एक शेतकरी आला आणि पिशवीतून बोटांसारख्या पांढुरक्या मुळ्यांचा झुपका काढून त्याने माझ्या समोरच्या फायलीवर ठेवला.

"पांढरी मुसळी हाय साहेब. कपाशीनं काय देल्लं जी आजवर? हे वाळवली का किलोले हजाराच्या वर जाते."

त्या दिवसांत विदर्भाला मुसळीचे वेडच लागले होते. बेणे विकणारे गावोगाव फिरत, तयार माल विकत घेण्याची हमी देत. मी कागद पाहिले, हिशेब पाहिला आणि सही केली. जमीन तेवढी पाहिली नाही.

मुसळीला पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत जमीन लागते. त्याची होती कपाशीची काळी. श्रावणातल्या झडीत पाणी साचले आणि निम्मे कंद कुजले. उरलेले सोलून वाळवले, तेव्हा वजन पार उतरले. हमी देणारा व्यापारी तोवर परागंदा झाला होता. शेतकऱ्याने बैलजोडी विकून हप्ते भरले. बँकेच्या दप्तरी ते खाते 'नियमित' राहिले!

पुढे एका नवरात्रात वसुलीच्या कामाने घाटंजीच्या बाजूला एका कोलाम पोडावर गेलो होतो. सागाखाली मुसळीची पाने पिवळी पडली होती. पहिल्या पावसाबरोबर ती उगवते, श्रावण-भाद्रपदात पांढरी चांदणीसारखी फुले येतात, आणि पाने सुकली की जमिनीवर तिची खूणही राहत नाही. एक आजी काठीने माती उकरत होती. तिने दोन-तीन मुळ्या मोडून घेतल्या आणि बाकीचा गड्डा पुन्हा मातीत दाबला.

मी विचारले, "आजी, सगळा का नाही घेतला?"

"साऱ्या नेल्या तं पुढच्या साली काय येईन, साहेब?"

म्हातारीचे गणित माझ्या हिशेबापेक्षा पक्के होते. मुसळीच्या नुसत्या मुळीला कोंब फुटत नाही. वरच्या बुडख्याचा तुकडा तिला लागून असावा लागतो. बी रुजण्याचे प्रमाणही कमीच. व्यापाराची मागणी वाढली, तसे बी पडण्याआधीच अख्खे गड्डे उपटले गेले आणि रानातली मुसळी विरळ होत गेली. जिचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले, ती ही वनस्पती आज दुर्मिळांच्या यादीत जाऊन बसली आहे.

आमच्या शाखेच्या फाटकाशी तलवारीसारख्या पानांचा युक्का शोभेला लावलेला होता. तो अमेरिकेच्या वाळवंटी मुलखातला. तो मुसळीचा भाऊबंद निघेल, असे मला कधी वाटले नव्हते. पण आजचे वनस्पतिशास्त्र दोघांना शतावरीच्या कुळात, तेही एकाच उपकुळात बसवते. तिकडे युक्काची फुले एक लहानसा पतंग फळवतो. त्याच फुलात तो अंडी घालतो. अळ्या थोडे बी खातात, बाकीचे झाडाला राहते. काही युक्का आज त्यांच्या मायभूमीतच संकटात आहेत. पण पतंगाने आपली मर्यादा कधी ओलांडली नाही. त्या आजीनेही नाही. ओलांडली ती आम्ही, टेबलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शहाण्यांनी.

तो शेतकरी अजून भेटतो. त्याच्या परसात, मुरमाड उतारावर, मुसळीचे दहा-बारा गड्डे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या कोवळ्या पानांची भाजी होते.

"यावेळी कर्ज नाही घेतलं साहेब," असे म्हणून तो हसतो.

मला मात्र अजून हसता येत नाही.